पैकीच्या पैकी

डॉक्टर कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी कान लावत. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा काउंटरवरच्या जुन्या टेबलफॅनला त्यांनी असाच कान टेकवला आणि डोळे मिटले. मी "काय पाहिजे?" विचारलं, तर तळहात वर करून मलाच गप्प केलं.

"थांबा. काय म्हणतोय ते ऐकू द्या."

मग डोळे उघडून म्हणाले, "बुश गेलंय. दोन म्हैन्यात थांबंल." पंखा पुढच्याच आठवड्यात थांबला. निदान बरोबर, मुदत चूक. पुढे ओळख वाढली तसं कळलं, की डॉक्टरांचं बहुतेक सगळं असंच होतं.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. कोपरगावाहून पुणतांब्याकडे जाताना उसाच्या मळ्यात त्यांची वस्ती होती. पायात बारमाही गमबूट. आयुष्यभर गाई-म्हशींच्या पोटाला कान लावून लावून त्यांची मान कायमची एका बाजूला कललेली. "जनावर खोटं बोलत न्हाई," ते म्हणत, "फकस्त आपल्याला ऐकाया येत न्हाई." तुमच्याही गावात असेल असा एखादा माणूस, ज्याला लोक पाठीमागे 'हुकलेला' म्हणतात आणि म्हैस अडली की पहाटे त्याच्याच दारात जाऊन उभे राहतात.

एके दिवशी ते परत दुकानात आले. "बोला डॉक्टर, चार्जर देऊ का?"

"चार्जर न्हाई. विमानाला अँटेना बसवायचीय."

मी समजलो, नातवाचं खेळणं असेल. पण त्यांनी सांगितलं की विमान खरं आहे, दोन माणसं बसतात, गोठ्यात उभं आहे, आणि त्याचा रेडिओ नीट बोलत नाही. पुढचं मी फारसं ऐकलंच नाही. माझ्या कानात एकच शब्द घुमत होता.

कारण मी मूळचा अँटेनावाला. आज चार्जर आणि सीसीटीव्ही विकतो, पण ज्या काळी घरोघरी पत्र्यावर अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा उभा असे, तेव्हा कोपरगावातली एक गच्ची मी सोडली नव्हती. मी वर, घरमालक जिन्यात, मालकीणबाई टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही." "आता?" "आलं, आलं... गेलं." एवढ्या संवादावर मी संसार उभा केला. मग डिश आली आणि अँटेना भंगारात गेल्या. माझ्या दुकानात तो शब्द कुणी उच्चारून जमाना लोटला होता. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि डॉक्टरांच्या मागे मोटारसायकल काढली.

गोठा पत्र्याचा, लांबलचक. गाई केव्हाच गेलेल्या, पण गव्हाण तशीच होती आणि तिच्यात वैरणीऐवजी पाने, पकडी, करवती. आणि मधोमध ते. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, त्यावर वॉर्निशचे इतके हात की माझं तोंड दिसावं. इंजिन तेवढं बाहेरून मागवलेलं, बाकी सगळं डॉक्टरांच्या हातचं. मी नुसता बघत राहिलो.

"हिचं नाव कालवड," डॉक्टर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "उडाली की मग गाय म्हणायचं."

डॉक्टरांच्या गावात यावर चिक्कार विनोद झाले होते. पारावरची मंडळी त्यांना विचारत, "काय डॉक्टर, कालवड माजावर आली का न्हाई?" डॉक्टर गंभीरपणे उत्तर देत, "लक्षणं हायत."

हसू नका. ते साठी उलटल्यावर एका फ्लाइंग क्लबात जाऊन उडवायला शिकले होते, परीक्षा देऊन लायसन काढलं होतं, कागदपत्रांसाठी दिल्लीला हेलपाटे घातले होते. साखर कारखान्याची एक जुनी धावपट्टी वापरायची परवानगीही मिळाली होती. राहिलं होतं ते बोलणं. कारण शेजारच्या काकडी गावाला विमानतळ झालं, मोठी विमानं आमच्या डोक्यावरून उतरू लागली, तेव्हा वर जायचं तर टॉवरला तुमचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. विमानाचं तोंड कुठंही असो. रेडिओ पास झाला तरच बाकीच्या कागदावर सही, असं तपासणीच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं.

आणि थांबायला सवड नव्हती. उडवणाऱ्याची वैद्यकीय तपासणी ठराविक काळाने होते. डॉक्टरांचं हृदय कुरकुरत होतं. यंदाचं पत्र मिळालंय, पुढच्या खेपेला मिळणार नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे हे विमान डॉक्टरांच्या हातून उडायचं तर याच वर्षी.

"त्यानं छातीला कान लावला तवा मीबी ऐकत हुतो," डॉक्टर मला म्हणाले. "बरोबर बोलला त्यो. चुकीचं न्हाई बोलला." आणि लगेच, "चला, इंजिन चालू करू का?"

इंजिन सुरू झालं आणि रेडिओत भजी तळायला लागली. चर्र चर्र चर्र, त्यात डॉक्टरांचा आवाज कुठेतरी तळाशी. मी आनंदाने ओरडलोच. हा रोग माझ्या ओळखीचा होता. पूर्वी गल्लीतून लूना गेली की टीव्हीवर मुंग्या यायच्या, तोच. प्लगची ठिणगी रेडिओच्या केबलीत शिरत होती. आम्ही प्लग बदलले, प्लगच्या वायरींवर जाळीचं वेष्टण चढवलं, रेडिओची केबल इंजिनाच्या वायरींपासून सोडवून दुसऱ्या अंगाने नेली. भजी थांबली. त्या दिवशी मी घरी गेलो तर बायको म्हणाली, "लॉटरी लागली का काय?"

मग अँटेना. इथे मी माझी सगळी विद्या पणाला लावली आणि टीव्हीच्या सवयीने ती छान आडवी बसवली. आवाज पार विहिरीत गेला. विमानाचा रेडिओ उभ्या काठीवर बोलतो, हे डॉक्टर परीक्षेसाठी शिकले होते, पण माझा आत्मविश्वास बघून संकोचाने गप्प बसले होते. काठी उभी केली, विमानाच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मध्ये. तरी पुरेसं होईना. पत्र्याच्या विमानात काठीला पाय रोवायला पत्रा असतो. आमची कालवड लाकडाची आणि कापडाची, काठीखाली जमीनच नाही. तेव्हा मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याच्या पट्ट्या आणल्या आणि काठीच्या बुडाशी चारी दिशांना चांदणीसारख्या पसरून आतून बसवल्या. डॉक्टरांनी हौसेने त्यांच्यावरही वॉर्निशचा हात मारला.

आता मोजायचं कसं? इथे बाई आल्या.

बाई म्हणजे डॉक्टरांच्या सौभाग्यवती. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची नोकरी झाली. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेला, मीही त्यातलाच. त्यामुळे सगळं गाव त्यांना बाई म्हणे आणि डॉक्टरही बाईच म्हणत. बाईंची ख्याती मार्कांबद्दल. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. पेपरात एक काना इकडचा तिकडे नसला तरी अर्धा मार्क कापत. पालक भांडायला आले तर शांतपणे सांगत, "सुधारायला जागा नको का?"

तर बाईंनी ऐकायचा रेडिओ घेऊन लांब पाटाच्या भरावावर जाऊन बसायचं, डॉक्टरांनी विमानात बसून बोलायचं, दोन गड्यांनी शेपूट धरून मळणीच्या बैलासारखं विमान गोल फिरवायचं. प्रत्येक बाजूला बाई मोबाईलवर मला आकडा सांगणार, मी तो डॉक्टरांना ओरडून सांगणार. जुने दिवस परत आले. "आता?" "तीन." "आता?" "अडीच." माझा घसा बसला, तरी मी दुसऱ्या कुणाला ते काम दिलं नाही.

पट्ट्या बसवल्यावर आकडे चढले. चार आला. साडेचार आला. आणि एका सकाळी विमानाचा अख्खा फेरा झाला तरी बाई सगळीकडून म्हणाल्या, "पाच." एका बाजूला तर "साडेपाच."

"बाई खूश हायत," डॉक्टर विमानातून म्हणाले. "वरून अर्धा घातला."

रेडिओच्या भाषेत ऐकू येण्याच्या पाच पायऱ्या असतात. एक म्हणजे काही कळत नाही, पाच म्हणजे स्वच्छ. पाच आला की खेळ संपला. डॉक्टर गमबुटातच उडी मारून खाली उतरले, कालवडीच्या नाकावर हात फिरवला, आणि आम्ही पेढे वाटले. पारावर, कारखान्याच्या गेटवर, माझ्या दुकानात. साहेबांना निरोप गेला: या.

साहेब आले. दिल्लीकडचे, पण महाराष्ट्रात पुष्कळ वर्षं काढलेले, मराठी चांगलं बोलणारे. विमानाभोवती हिंडून त्यांनी दोनदा "सुंदर" म्हटलं आणि ते मनापासून होतं. मग ते आपला रेडिओ घेऊन जीपने लांब गेले. डॉक्टर बोलू लागले, गडी शेपूट फिरवू लागले.

साहेब परत आले ते हळूहळू चालत. मला तेव्हाच समजलं. माणूस चांगली बातमी घेऊन असा चालत नाही.

"डॉक्टरसाहेब, समोरून तीन आहे. शेपूट माझ्याकडे असताना दोन. अधूनमधून एखादा शब्द पोचतो. मी सही करू शकत नाही."

डॉक्टरांनी विमानाला कान लावला. मी त्यांना कित्येक वस्तूंना कान लावताना पाहिलं होतं, पण त्या वेळी ते ऐकत नव्हते, नुसते टेकले होते.

साहेबांनाच वाईट वाटलं. म्हणाले, "या भागात माझं अजून थोडं काम आहे. जाण्याआधी एकदा येऊन जाईन. तेव्हा जमलं तर जमलं. नाहीतर पुढची फेरी कधी होईल, सांगता येत नाही."

पुढच्या फेरीपर्यंत डॉक्टरांचं वैद्यकीय पत्र संपणार होतं, हे साहेबांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही ओट्यावर बसलो. बाईंनी चहा आणला. कप हातातच, कुणी घोट घेईना. शेवटी मीच बोललो, "बाई, तुम्हाला सगळीकडून पाच ऐकू येत होतं, मग साहेबांना दोन कसं?"

"पाच म्हणजे पाचच ना," बाई म्हणाल्या. "पाच दिले म्हणून पेढे कसले वाटता, हे मी तेव्हाच म्हणणार होते. पण म्हटलं, वाटू देत. नापास तर नाही झाले."

डॉक्टरांनी मान वर केली. "बाई, पाच कितीपैकी?"

"कितीपैकी म्हणजे? दहापैकी. चाचणी नेहमी दहाचीच असते."

मी चहाचा कप खाली ठेवला. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मी या बाईंच्या वर्गात शिकलेलो. शुद्धलेखनात दहापैकी सात मिळाले म्हणून माझ्या बापाने मला खांद्यावर घेतलं होतं. आणि एवढ्या दिवसांत मला विचारायचं सुचलं नव्हतं.

"पाच म्हणजे निम्मं," बाई म्हणाल्या. त्यांच्याही लक्षात येऊ लागलं होतं आणि आवाज बारीक झाला होता. "त्यातही मी थोडे वाढवूनच दिले. खरखर फार होती. पण तुम्ही काय बोलणार ते मला आधीच ठाऊक असतं. अर्धं ऐकलं की उरलेलं मी भरून घेते."

डॉक्टर हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. "पस्तीस-चाळीस वर्सं संसार केला बगा," ते मला म्हणाले, "त्यानं घात केला." बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि मला एकदम हुरूप आला. कारण रोग आता सापडला होता. अँटेना बिघडलेली नव्हती, ती कधी सुधारलीच नव्हती; चढला होता तो बाईंचा सराव.

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन गेलो. या मीटरची एक सोय अशी, की दोन टोकांमध्ये वीज जात असेल तर ते 'टीं' वाजतं. एक टोक काठीच्या बुडाच्या जोडाला लावलं, दुसरं तांब्याच्या पट्टीला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "काय म्हणतंय ऐकू द्या."

काहीच म्हणत नव्हतं.

"गप हाय."

दुसरी पट्टी. तीही गप्प. चारी गप्प. डॉक्टरांनी बोटाने पट्टीवर घासलं, आणि त्यांच्या तोंडून एक शिवी निघाली, ती इथे लिहीत नाही. वॉर्निश. त्यांच्या हौशीचं, आरशासारखं वॉर्निश पट्टी आणि जोड यांच्या मधे जाऊन बसलं होतं. पट्ट्या दिसायला जोडलेल्या होत्या, प्रत्यक्षात कशालाच लागत नव्हत्या. काठी अजूनही अधांतरीच होती. आम्ही पॉलिश पेपर घेऊन तांबं लाल दिसेस्तोवर घासलं, जोड कथलाचा डाग देऊन पक्के केले. मीटर लावलं. टीं.

"बोलली," डॉक्टर म्हणाले. असं म्हणाले, जसं पहिलटकरीण गाय वासराला चाटायला लागल्यावर म्हणत असतील.

पण मागची बाजू तरी कच्चीच राहिली. चाकांचे लोखंडी पाय काठीच्या अगदी शेजारी होते, ते आवाजाला आडवे येत. तेव्हा मन घट्ट करून सगळं उखडलं आणि काठी वर नेली, केबिनच्या मागे, पाठीवर. तिथे पट्ट्याही लांब टाकता आल्या. आता बाजूने बघताना कालवडीला एकच शिंग फुटल्यासारखं दिसे, आणि पारावर नवे विनोद सुरू झाले.

मोजण्याची पद्धत बाईंनीच बदलली. "तुम्ही हॅलो हॅलो, एक दोन तीन म्हणता, ते मला झोपेतही कळेल. पाढे म्हणा. एकोणतिसाचा. मधेच कुठेतरी मुद्दाम चुका. मी चूक पकडली तरच मार्क."

मित्रहो, एकोणतिसाचा पाढा. आमच्या वर्गातली भली भली पोरं तिथे रडली आहेत. विमानात बसलेला गुरांचा डॉक्टर गंभीर आवाजात "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याहत्तर" असं म्हणतोय, गडी हसून हसून शेपूट सोडताहेत, आणि लांब भरावावरून मोबाईलमध्ये बाईंचा करडा आवाज, "सत्त्याऐंशी. सत्त्याहत्तर म्हणाले. शेवटचं अक्षर जरा पुसट. सात." सात. मी तो आकडा असा ओरडलो की उसातून तित्तर उडाले.

पुढे तर ईर्ष्याच पेटली. केबलीची लांबी बदल, काठीचं टोक घास, जोड पुन्हा आवळ. डॉक्टर जेवण विसरले, मी दुकान विसरलो. साडेसात. आठ. बाई आणखी लांब गेल्या, पुणतांब्याच्या घाटावर जाऊन बसल्या, तिथूनही आठ. "'स' आणि 'श' वेगळे कळत नाहीत," त्यांनी तक्रार केली. तो दोष अँटेनाचा नव्हता, डॉक्टरांचा होता, पण सांगणार कोण.

साहेब ठरल्याप्रमाणे जाता जाता आले. जीप लांब गेली. विमान फिरलं. या वेळी साहेब परत येताना आपल्या मोबाईलवर काहीतरी बोलत, हसत येत होते.

"डॉक्टरसाहेब, पाच. सगळीकडून पाच."

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "कितीपैकी?"

साहेब गोंधळले. "पाचपैकीच. का?"

आम्ही जे हसलो, त्याचं कारण साहेबांना समजावून सांगता सांगता त्यांची जीप तासभर अडकली. सही झाली. पेढे मात्र बाईंनी या वेळी आधी वाटू दिले नाहीत. म्हणाल्या, "वर जाऊन आल्यावर."

त्यानंतर बाकीच्या तपासण्या झाल्या, तारीख मिळाली. थंडीचे दिवस, स्वच्छ सकाळ, कारखान्याच्या धावपट्टीवर जत्रा लोटलेली. चुकून कुणी पुढे जाऊ नये म्हणून दोरी बांधली होती, आणि दोरीला अख्खं गाव रेलून. डॉक्टर गमबूट घालून आले. बाई म्हणाल्या, "बूट तरी आज नीट घालायचे." ते म्हणाले, "तिला वळख पटाया नको का?"

मग त्यांनी विमानाला कान लावला. बराच वेळ.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"चला म्हनती."

कालवड धावली. इतकी हलकी, की कधी चाकं सुटली ते दिसलंच नाही. सावली तेवढी अंगापासून वेगळी झाली आणि उसावरून पळू लागली. पारावरची जी मंडळी माजावरचे विनोद करत, ती आता टोप्या काढून वर बघत होती आणि एकजण सारखं एवढंच म्हणत होता, "व्हय रं, उडालं की. उडालं की."

बाई मात्र वर बघत नव्हत्या. त्या खुर्चीवर बसून रेडिओला कान लावून होत्या, मान एका बाजूला कललेली, अगदी डॉक्टरांसारखी. टॉवरशी डॉक्टरांचं इंग्रजी बोलणं झालं; टॉवरने एकदाही "पुन्हा सांगा" म्हटलं नाही. विमान गोदावरीवर गेलं, पुणतांब्याकडे वळलं, ठिपका झालं, शेपूट आमच्याकडे. हीच ती बाजू. चाचणीसाठी दिलेल्या चॅनेलवर खरखर नाही, काही नाही. आणि मग कानाशी बसून बोलावं तसा आवाज आला.

"एकोणतीस त्रिक सत्त्याहत्तर."

"सत्त्याऐंशी," बाई मोठ्याने म्हणाल्या. त्यांच्याकडे फक्त ऐकायचा रेडिओ होता, त्यांचं बोलणं वर जाणार नव्हतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी आभाळाकडे तोंड करून पुन्हा सांगितलं, "अहो, सत्त्याऐंशी," आणि रडू लागल्या.

डॉक्टर उतरले, इंजिन बंद झालं, गर्दीने दोरी तोडली. त्या सगळ्या गलक्यातून ते सरळ बाईंकडे आले.

"किती?"

बाईंनी डोळे पुसले. "साडेनऊ."

"अर्धा कुठं गेला?"

"सुधारायला जागा."

त्यानंतर ते मोजक्या वेळा उडाले. मग वैद्यकीय पत्र संपलं आणि नवं मिळालं नाही, हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. मला वाटलं, आता खचतील. पण दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात हजर. "त्या अर्ध्या मार्काचं काय करायचं?" कालवड आता जागची हलत नव्हती, पण रोज सकाळी तिची पट्टी बदल, जोड घास, केबल वेगळी टाक. बाई भरावावर जात, पाढे ऐकत, साडेनऊ देत. कधी पावणेदहा देऊन दुसऱ्या दिवशी परत साडेनऊ.

एकदा मी बाईंना हळूच म्हटलं, "आता अजून काय सुधारायचं राहिलंय? देऊन टाका ना पैकीच्या पैकी."

"मला काय द्यायला नको आहेत?" बाई म्हणाल्या. "पण दिले, तर उद्यापासून हे गोठ्यात जाऊन काय करतील?"

मी पॉलिश पेपर उचलून गोठ्याकडे निघालो.

डॉक्टर गेले ते सकाळीच, गोठ्याच्या दारात गमबूट चढवता चढवता. मागे त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे विमान एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेलं. ट्रकवर चढवताना पंख सोडवले, आणि गड्यांनी, जे तिला शेपूट धरून फिरवत आले होते, पायाला हात लावावा तसा चाकांना हात लावला.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला, ऐकायच्या रेडिओची बॅटरी टिकत नाही. मी नवी घेऊन गेलो. गोठा मोकळा होता. गव्हाणीत पाने-पकडी तशाच, जमिनीवर तेलाचे डाग. बॅटरी घातली, बटण फिरवलं, चाचणीचं चॅनेल लावलं. नुसती संथ सळसळ.

बाईंनी रेडिओ हातात घेतला, मान कलती केली आणि ऐकत राहिल्या. बोलायला काहीतरी हवं म्हणून, सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं, "किती, बाई?"

आणि पाठोपाठ मीच म्हटलं, "शून्य?"

"शून्य पेपर दिलेल्याला असतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी आणखी थोडा वेळ ऐकलं.

"गैरहजर," म्हणाल्या, आणि रेडिओ गव्हाणीवर नीट उभा ठेवला. बंद केला नाही. आवाज तेवढा जरा कमी केला.